चार खिशांचा काळा सदरा

आमच्या घरात एका ठिकाणी पाय जपून टाकावा लागतो. लेकीच्या खोलीत, तिच्या पलंगाच्या पायथ्याशी पत्र्याची एक काळी पेटी असते आणि तिचा कोपरा नेमका वाटेत येतो. माझ्या डाव्या पायाच्या करंगळीने त्या कोपऱ्याचा इतका मार खाल्लाय की आता ठेच लागली तरी मी ओरडत नाही. एका पायावर उभी राहून नुसती दातओठ खाते. पेटी माझ्या नणंदेची. ती भिंतीशी सरकवू या म्हटलं की त्या म्हणायच्या, "अगं, दोन दिवसांसाठी कशाला हलवाहलव करायची?" त्यांचे हे दोन दिवस मागच्या हिवाळ्यात सुरू झाले होते.

नवरा त्यांना ताई म्हणतो, लेक आत्या म्हणते. मी वन्सं म्हणते. लग्नानंतर पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी ते थट्टेने म्हटलं होतं, पण त्यांनी ते इतक्या गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं की मग मागे घ्यायची सोय राहिली नाही.

वन्संनी जन्मभर एका फिरत्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला. म्हणजे नटांचे कपडे धुवायचे, उसवलेलं शिवायचं, इस्त्री करायची, सगळं पेट्यांत भरून गावोगाव न्यायचं आणि प्रयोग चालू असताना विंगेतल्या अंधारात उभं राहून नटाच्या अंगावरचा एक वेष उतरवून दुसरा चढवायचा. प्रेक्षकांना आपण चुकूनही दिसू नये म्हणून त्या स्वतः कायम काळे कपडे घालत. दुसऱ्या रंगाचा कपडाच त्यांच्याकडे नव्हता. शेवटी कंपनीचे मालक थकले, त्यांनी पडदे आणि दिवे विकून टाकले आणि वन्सं पेटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

आम्ही त्यांच्यासाठी कपाटातला मधला कप्पा रिकामा केला. मी त्यात नवा कागदही अंथरला. तो कप्पा तसाच रिकामा राहिला. वन्सं पेटीतून कपडे काढत, घालत, धुवत, वाळले की घडी घालून परत पेटीत ठेवत. सगळ्यांत वर एक सदरा असायचा, लांब, सैल, चार मोठ्या खिशांचा. खिशांत टाचण्या, नाडीच्या गुंडाळ्या, दोऱ्याची रिळं. हा त्यांचा कामाचा सदरा. काम नव्हतं तरी तो वरच असायचा, कधी बोलावणं येईल सांगता येत नाही म्हणून.

आणि त्या बसत नसत. मी दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर असते. दुखऱ्या दाढांच्या लोकांना "बसा, थोडं थांबा" म्हणणं हे माझं दिवसभराचं काम. घाबरलेला माणूससुद्धा माझ्या एका 'बसा'त खुर्चीला टेकतो. घरी मात्र माझी मात्रा चालत नव्हती. वन्सं स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून गॅलरीत, गॅलरीतून परत आत. टीव्हीसमोरही दाराच्या चौकटीला टेकून उभ्या, एक पाय हलत असलेला. आमच्या लेकीचा पाय घरात ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. आत्याला पाहिल्यावर वाटलं, नाव देण्यात आपण जरा घाई केली. सारखी त्यांची ये-जा बघून माझं डोकं गरगरायचं आणि मी भाजी चिरता चिरता पुटपुटायचे. नवरा म्हणायचा, "सवय आहे तिला. होईल हळूहळू." तो लिफ्ट दुरुस्त करतो. सगळ्या गोष्टी हळूहळू जागेवर येतात असा त्याचा धंद्यातूनच समज झालाय.

मग तो फोन आला. एक नवी कंपनी लांबच्या दौऱ्यावर निघणार होती. तिचा मॅनेजर वन्संना पूर्वीपासून ओळखत होता. कपडेपटाला भरवशाचं माणूस हवंय, सोमवारपर्यंत येऊन मिळा, म्हणाला. वन्संनी फोनवर नुसतं "बघते" म्हटलं, पण फोन ठेवल्यावर त्यांच्या चालीत फरक पडला. गॅलरीपर्यंत त्या जवळजवळ पळतच गेल्या.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताईचे गुडघे जिन्यावर कुरकुरत होते. सुईत दोरा आता भिंगरी ओवून देत होती. "कुठल्यातरी थिएटरच्या जिन्यात पडेल ती अंधारात," तो मला म्हणाला, "आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही." ताई एकदा गेली की परत येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. फक्त मला त्याच्याइतकं वाईट वाटत होतं की नाही, याबद्दल मी त्या वेळी स्वतःशी फार खोलात गेले नाही.

त्याने त्यावर जो उपाय काढला तो म्हणजे तंबू. कामावरच्या एका मित्राकडून त्याने तंबू मागून आणला आणि जाहीर केलं की शनिवार-रविवार जोडून आपण चौघं तलावाकाठी राहायला जायचं. चार दिशांना तोंड करून बसणारी माणसं एका कापडाखाली झोपली की मनं जुळतात, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. मला तंबूत झोपायची हौस नव्हती. मला कुठेही माझी उशी लागते.

कपडे भरायची वेळ आली आणि वन्संनी पदभार घेतला. मी प्रत्येकाची एकेक पिशवी करणार होते. त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली आणि नवऱ्याला विचारलं, "पहिल्या प्रवेशात काय आहे?"

"कसला प्रवेश?"

"तिथे पोचल्यावर काय करणार तुम्ही?"

"तंबू ठोकणार."

"मग?"

"मग चहा वगैरे. मग शेकोटी."

"पाण्यात कधी उतरणार?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "दुसऱ्या दिवशी सकाळी," तो चाचरत म्हणाला.

वन्संनी डोळे मिटून सगळी सहल मनात एकदा करून पाहिली आणि मग भरायला बसल्या. भरायला मात्र त्या बसत. परतीचे कपडे तळाशी, त्यावर डोंगर चढायचे, त्यावर पाण्यात उतरायचे, त्यावर शेकोटीचे, अगदी वर तंबू ठोकायचे. प्रत्येक प्रवेशाचं वेगळं गाठोडं, त्यात आम्हा तिघांचे त्या त्या वेळचे कपडे मोज्यांसकट, आणि गाठोड्याला नाडीची घट्ट गाठ. सगळं एका मोठ्या पिशवीत. हात किती भरभर चालत होते त्यांचे. अंगात आल्यासारख्या घड्या घालत होत्या, बाहीवर बाही, कॉलर वर, तळहाताने एक दाब.

"आणि मधेच काही लागलं तर?" मी विचारलं.

"मधेच कशाला लागेल?" त्या म्हणाल्या. "सगळं ठरलंय ना?"

निघायच्या सकाळी आम्ही गाडीत सामान ठेवत होतो आणि वन्सं आपली पेटी ओढत दारापर्यंत घेऊन आल्या. नवरा नुसता बघत राहिला. "ताई, ही कशाला?"

"माझे कपडे आहेत त्यात. दुसऱ्या कशात घेऊ?"

तलावाकडे वळायच्या आधी एक तिठा लागतो आणि तिथे लांब पल्ल्याची बस थांबते, हे तिघांनाही माहीत होतं. नवऱ्याचा चेहरा पडला. मी पेटीची दुसरी कडी धरली आणि दोघींनी ती गाडीत चढवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार करंगळीचा आला.

तलावाकाठची जागा छान होती. मऊ गवत, समोर पाणी, मागे झुडपांची रांग आणि झुडपांच्या पलीकडे एक कोरडा पाट. तिथल्या रखवालदाराने दुरूनच हात करून सांगितलं, "तंबू कुठेही ठोका, फक्त त्या पाटात नको. पाणी सुटतं त्याला." नवरा तोंडात दोरी धरून खांबाशी झटापट करत होता. त्याने मान हलवली. मीही हलवली. आम्ही काही पाटात तंबू ठोकणार नव्हतो. वन्सं तेव्हा तिथे नव्हत्या. त्या जागेची पाहणी करत फिरत होत्या.

परत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. "कपड्यांना झकास जागा सापडली," म्हणाल्या. पिशवी त्यांनी तंबूत ठेवू दिली नाही. कपड्यांची पेटी रंगमंचावर दिसली की प्रयोगाची शोभा गेली, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. झुडपांच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी, सावलीची, तिन्ही बाजूंनी आडोसा असलेली जागा, म्हणजे त्यांच्या दृष्टीने विंगच. पिशवी त्यांनी तिथे उतरवून ठेवली. मी पाहिलं. पाहून मला एवढंच वाटलं की बरं झालं, तंबूत पाय पसरायला जागा राहिली. वन्संची पेटी गाडीतच होती. ती उचलून खाली आणायला नवऱ्याने ठाम नकार दिला होता.

आता भिंगरीने दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरायचं ठरलं होतं. ती पहिल्याच संध्याकाळी उतरली. उतरली म्हणजे दगडावरून घसरून कमरेपर्यंत गेली आणि गेलेच आहे तर म्हणून आणखी पुढे गेली. तिला बाहेर काढायला तिचा बाप गेला तो गुडघ्यापर्यंत, आणि त्या दोघांना ओढायला मी. ऊन उतरलं होतं आणि वारा सुटला होता. तिघं कुडकुडत काठावर आलो.

"थांबा, शेकोटीचे कपडे देते," असं म्हणून वन्सं झुडपांमागे गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी हाक मारली तरी ओ नाही. जाऊन पाहते तर त्या पाटाच्या कडेला उभ्या होत्या. पाट तुडुंब भरून वाहत होता आणि आमची पिशवी पुढच्या वळणावर एका फांदीला अडकून गोल गोल फिरत होती.

नवऱ्याने तंबूचा एक खांब उपटून पिशवी ओढून घेतली. तिकडे तंबू बसला, तो पुन्हा उभा करावा लागला. गाठोडी इतकी घट्ट बांधलेली होती की पाण्याने आत शिरून मग कुठे जायचं नाव घेतलं नव्हतं. पहिल्या प्रवेशापासून परतीच्या प्रवासापर्यंत सगळं एकसारखं ओलं. मला हसू आवरेना. थंडीने दात वाजत होते आणि मी हसत होते. मग वन्संचा चेहरा दिसला आणि माझं हसू थांबलं. त्या बाईच्या हातून आजवर एक मोजासुद्धा हरवला नसेल.

"घरी जाऊ या," नवरा म्हणाला. भिंगरीने भोकाड पसरलं. वन्संनी नुसता हात पुढे केला, "गाडीची किल्ली दे."

त्या गाडीपाशी गेल्या आणि त्यांनी पेटी उघडली. आम्हाला एकेक करून बोलावलं. भिंगरीला त्यांचा स्वेटर गुडघ्यापर्यंत आला. नवऱ्याला एक ढगळ सदरा आणि शाल. माझी पाळी आली तेव्हा पेटीत फारसं काही उरलं नव्हतं. वन्सं क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी तो चार खिशांचा सदरा उचलला.

मी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही, अंगात घातला. आधी एक बाही, मग दुसरी, मागून खांदे सारखे केले, पुढे येऊन खालपासून वरपर्यंत बटणं लावली, मनगटाशी बाह्या दुमडल्या, मानेत अडकलेले माझे ओले केस हळूच बाहेर काढले. एक पाऊल मागे जाऊन मला वरून खाली पाहिलं. मग पाठीवर दोन बोटांनी हलकेच थोपटलं आणि म्हणाल्या, "जा."

किती नटांना त्यांनी असं थोपटून उजेडात पाठवलं असेल. मी शेकोटीपर्यंत गेले. लहानपणी आईने कपडे घातले असतील तेवढेच. त्यानंतर माझ्या अंगात कोणी कपडे घातले नव्हते. मीच सगळ्यांची बटणं लावत आले होते.

शेकोटीभोवती आम्ही तिघं काळेकुट्ट होऊन बसलो. भिंगरी म्हणाली, "आपण कोणाला दिसतच नाही आहोत," आणि ती फार खूश झाली. आम्ही अंडी उकडली, पाव भाजला, थोडा करपवला. वन्सं कुठे आहेत म्हणून मागे वळून पाहिलं तर त्या उजेडाच्या बाहेर, झाडाला टेकून उभ्या होत्या.

"बसा ना वन्सं."

"इथून बरं दिसतं सगळं."

"आम्ही काय नाटक करतोय का इथे?"

त्या हसल्या पण जागच्या हलल्या नाहीत. माझं टाळकं फिरलं. मी उठून त्यांच्याजवळ गेले, हाताला धरून ओढायलाच. त्यांचा पाय तसाच हलत होता.

"रागावू नकोस गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिकडे मला माहीत असतं कुठे उभं राहायचं ते. तुमच्या घरात नाही कळत. ओट्यापाशी तू असतेस. खिडकीत तो पेपर घेऊन बसतो. पलंगावर पोरीचा अभ्यास. कोणाच्या पायात येऊ नये म्हणून मी आपली फिरत असते."

दिवसभर लोकांना बसा म्हणणारी मी. त्यांच्या त्या फेऱ्यांवर मी किती चिडले होते. आणि त्या सगळा वेळ बसायला जागा शोधत होत्या. मी तशीच त्यांच्या शेजारी झाडाला टेकून उभी राहिले. तिथून खरंच सगळं दिसत होतं. नवऱ्याने पाव उलटायला विसरून तो पेटवला होता.

दुसरा दिवस कपडे वाळवण्यात गेला. वन्संनी दोन झाडांना दोरी बांधली आणि आमची पाचही प्रवेशांची गाठोडी पसरली. दिवसभर ढगाळ असल्याने ती पुरती वाळली नाहीतच, आम्ही त्यांच्याच काळ्या कपड्यांत डोंगर चढलो आणि उतरलो. उतरताना माझ्या सदऱ्याचं शेवटचं बटण काटेरी झुडपात गेलं. नवरा संधी साधून बहिणीला सारखं काहीबाही सुचवत होता. "ताई, तिकडे असं काय ठेवलंय?" त्याने विचारलं.

"काम," त्या म्हणाल्या.

एवढं बोलून संपलं. नवरा उरलेला दिवस तलावात खडे मारत बसला.

परतीच्या सकाळी मला जाग आली तेव्हा वन्सं तयार होऊन गाडीपाशी उभ्या होत्या. पेटी उघडून ठेवली होती. बस यायला अजून वेळ होता. "चला, माझे कपडे परत करा," त्यांनी हाक दिली. आम्ही आपापले दमट, सुरकुतलेले कपडे चढवले आणि त्यांचे त्यांच्या हातात दिले. नवरा शाल देताना दुसरीकडे बघत होता. भिंगरीने स्वेटर दिला आणि तंबूत जाऊन बसली.

वन्संनी स्वेटर नाकाशी नेला. धुराचा वास. बाहीवर जॅम. नवऱ्याच्या सदऱ्याला बोटभर चिखल. माझा सदरा उलगडून त्यांनी बटणांवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या रिकाम्या जागी ते थांबलं.

"हे असे नाही जाणार पेटीत," त्या म्हणाल्या.

मळका कपडा पेटीत घालायचा नाही आणि कपडेपट पुरा झाल्याशिवाय गाव सोडायचं नाही, हे दोन नियम त्यांनी कंपनीच्या मालकालाही मोडू दिले नव्हते. त्या जमिनीवर बसल्या आणि नखाने चिखल खरवडू लागल्या. नवऱ्याने काही बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं. आमच्या संसारात योग्य वेळी गप्प बसण्याचे त्याचे प्रसंग फार नाहीत, त्यातला हा एक. तिठ्यावरून बसचा भोंगा ऐकू आला. वन्संनी मान वर केली, हातातला सदरा घट्ट धरला, आणि परत खरवडायला लागल्या.

"उद्याची असेल ना बस," त्या म्हणाल्या. पेटी गाडीत गेली, त्याही गाडीत बसल्या, आणि आम्ही तिठ्यावर न थांबता घरी आलो.

घरी येऊन त्यांनी कपडे भिजवले, धुतले, दोरीवर टाकले. मी लगेच कामावर गेले होते, दुपारी दवाखान्यातून आले तेव्हा सगळे वाळले होते. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. मी कपडे काढून आणले, लेकीच्या पलंगावर ठेवले, आणि चार खिशांचा सदरा बोळा करून माझ्या कपाटात, जुन्या पडद्यांच्या खाली खोल कोंबला.

मी असं का केलं हे कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला त्या हव्या होत्या. बस्स. जाऊ नका असं तोंडाने म्हणून उपयोग नव्हता, नवरा ते दोन दिवस म्हणत होता. मला त्यांचा एकच नियम कामाचा वाटला.

"चार खिशांचा कुठे गेला?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"असेल इथेच," मी म्हटलं.

मग शोधाशोध सुरू झाली. नवऱ्याला काही माहीत नव्हतं, त्यामुळे तो अगदी मनापासून शोधत होता. त्याने गाडीच्या सीट उपसल्या. वॉशिंग मशीनच्या पोटात डोकं घातलं. रखवालदाराला फोन करून पाटात पाहायला लावलं. इतका भाबडा माणूस. ताई जाऊ नये म्हणून जीव टाकणारा हा, आणि तिचा सदरा मिळावा म्हणून घर डोक्यावर घेणाराही हाच.

मॅनेजरचा फोन आला. मी कान टवकारून भांडी घासत होते. "कपडेपट पुरा नाही माझा," वन्सं सांगत होत्या. "एक सदरा सापडायचाय. सापडला की निघते." तिकडून तो बहुधा नवा शिवून देतो म्हणाला असावा. "नव्याने कपडेपट पुरा होत नसतो," त्या म्हणाल्या. पुन्हा फोन आला, पुन्हा तेच उत्तर गेलं. मग फोन आले नाहीत.

पण वन्संचं शोधणं थांबलं नाही. आज हे कपाट, उद्या ते. शोधता शोधता त्यांनी सगळं घर लावलं. माझं हरवलेलं कानातलं सापडलं, नवऱ्याचा जुना चष्मा सापडला, भिंगरीने शाळेतून आणून लपवलेलं मांजराचं पिल्लू सापडलं. सदरा सापडला नाही. गॅलरीच्या कोपऱ्यात त्यांनी एक खुर्ची ओढून घेतली होती, शोधून दमल्या की तिथे टेकत. पुढे तिथेच उसवलेलं शिवू लागल्या. शेजारपाजारचे लोक पँटची उंची कमी करायला आणून देऊ लागले. भिंगरी शाळेतून आली की आधी गॅलरीत जाऊन आत्याची सुई ओवते.

मला मात्र चैन नव्हतं. त्या माझ्या कपाटाशी गेल्या की माझा जीव वर-खाली व्हायचा. विंगेतल्या काळोखात नुसत्या हाताने नेमका हातमोजा काढून देणारी ही बाई, आणि तीन खोल्यांच्या घरात हिला एक सदरा सापडू नये? रात्री पडल्या पडल्या वाटायचं, आपण कोणाचातरी पाय बांधून ठेवलाय. एका रविवारी दुपारी पाहिलं, तर त्या गॅलरीच्या कठड्याशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या आणि पाय पुन्हा हलत होता. मग मला राहवेना. द्यायचा, ठरवलं मी. द्यायचा आणि जायचं असेल तर जाऊ द्यायचं. मी आत गेले, कपाट उघडलं आणि पडद्यांखाली हात घातला.

हाताला बोळा लागला नाही. घडी लागली.

मी ती बाहेर काढली. बाहीवर बाही, कॉलर वर, तळहाताने दाबलेली, वरून नाडीची गाठ. शेवटचं बटण लावलेलं होतं. ते बाकीच्यांहून जरा मोठं होतं आणि ओळखीचं वाटलं. माझ्या जुन्या कोटाचं. चारही खिसे रिकामे केलेले होते. टाचण्या नाहीत, नाड्या नाहीत, रिळं नाहीत. प्रत्येक खिशात फक्त एकेक डांबराची गोळी होती.

डांबराची गोळी कोणी दोन दिवसांसाठी घालत नाही.

मी डोळे पुसले, सदरा होता तसाच पडद्यांखाली ठेवला आणि पडदे वरून सारखे केले.

बाहेर वन्सं भिंगरीला विचारत होत्या, "काय गं, माझा तो चार खिशांचा सदरा पाहिलास का कुठे?"

"शोधतेय हो वन्सं," मी आतून म्हटलं, आणि कपाट लावून घेतलं.